दुसरं सेंटर

आमच्या अप्पांना एकाच शब्दाची जन्मकथा माहीत होती आणि ती त्यांनी आम्हाला आयुष्यभर पुरवून पुरवून सांगितली. तो शब्द म्हणजे सेंटर.

संध्याकाळी जेवणाआधी टेबलापाशी बसले की दादाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत ते विचारायचे, "सेंटर म्हणजे काय?"

मी तेव्हा सात वर्षांचा आणि दादा तेरा. मी घाईघाईने म्हणायचो, "मध्य."

"चूक. सेंटर म्हणजे टोक, टोचणारं टोक. जुन्या ग्रीक लोकांकडे बैलाला टोचायची काठी असायची, पुढे खिळा लावलेली. आपण तिला पराणी म्हणतो. त्यांच्या भाषेत तिचं नाव केन्ट्रॉन. मग कर्कटकाचं जे टोक कागदात रुततं, त्यालाही लोक तेच म्हणायला लागले. मग त्या टोकाने पडलेल्या भोकाला. आणि भोक वर्तुळाच्या मधोमध असतं, म्हणून सगळ्यात शेवटी मध्याला. आपला केंद्र हा शब्दसुद्धा तिकडचाच, ग्रहांचं गणित करणाऱ्यांनी आणलेला. तर मग आधी काय?"

"आधी टोचणं," आम्ही दोघं एका सुरात.

"आणि मग?"

"मग मध्य."

एवढं झाल्याशिवाय आई ताटं मांडायची नाही, कारण मांडली तरी अप्पांचं लक्ष नसायचं. दादा माझ्या कानात म्हणायचा, "घराचं सेंटर अप्पा आहेत हे मला कबूल आहे बाबा. दिवसातून चार वेळा टोचतात." मी खुदकन हसायचो आणि मलाच टोचणी मिळायची.

अप्पा पंप बनवणाऱ्या कारखान्यात मुख्य ड्राफ्ट्समन होते. संगणक यायच्या फार आधीची गोष्ट. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबच लांब ड्रॉइंग ऑफिस होतं. एका बाजूला उंच खिडक्या, ऊन थेट आत येऊ नये म्हणून उत्तरेकडे काढलेल्या. तिरक्या फळ्यांची चौदा टेबलं. ब्ल्यूप्रिंटच्या यंत्राला अमोनिया लागायचा, त्याचा वास जिन्यातच नाकात शिरायचा. आई म्हणायची, "तुमचे अप्पा कोपऱ्यावर वळले की मला घरात कळतं." शाईची रेघ चुकली तर ती दाढीच्या ब्लेडने हलकेच खरवडायची, वर बोटाच्या नखाने कागद घोटायचा, की जणू रेघ नव्हतीच. शाळेला सुट्टी असली की मी डबा द्यायला जायचो आणि तासभर ती खरवड ऐकत बसायचो. तो आवाज आता जगात कुठेच येत नाही.

"वर्तुळ खोडता येतं," अप्पा म्हणायचे, "सेंटर खोडता येत नाही. भोक ते भोक."

त्यासाठी त्यांच्याकडे एक वस्तू होती. शिंगाची, पारदर्शक, नखाएवढी चकती. तिच्या पोटाला सुईच्या अग्राएवढे तीन काटे. एकाच मध्यावरून दहा वर्तुळं काढायची तर कर्कटकाचं टोक फिरून फिरून कागदाचं भोक मोठं होतं आणि मध्य हलतो. म्हणून आधी ही चकती कागदावर दाबून बसवायची आणि टोक तिच्यावर टेकवायचं. काम झालं की चकती काढून घ्यायची. कागदावर मधला ठिपका आणि त्याच्याभोवती तीन बारीक टिंबं राहायची, तीही उजेडात धरली तरच दिसणारी. अख्ख्या ऑफिसात अशी चकती एकच. ती अप्पांच्या शर्टाच्या खिशात, आगपेटीत, कापसात गुंडाळलेली. कुणाला हात लावू देतील तर शपथ! दादा पुढे त्यांच्याच हाताखाली ड्राफ्ट्समन म्हणून लागला, तेव्हा त्याने एकदा मागून बघितली. अप्पा म्हणाले, "आधी हात बसू दे."

अप्पांचा दुसरा नियम तोंडाचा होता. म्हणजे तोंड न वापरण्याचा. "तोंडाला माप नसतं. जे काय असेल ते शीटवर लिहा." ड्रॉइंगच्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात बदलांची एक चौकट असते. काय बदललं, कशासाठी, कुणी, कधी. तिथे लिहिलं ते झालं, तिथे नाही ते झालंच नाही. ही चौकट अप्पांनी घरीही आणली होती. भाजी अळणी झाली तर बोलायचे नाहीत, जेवण झाल्यावर दाराशेजारच्या पाटीवर लिहायचे, 'मीठ कमी. पाहावे.' मी मॅट्रिक झालो तेव्हा गुणपत्रिका त्यांच्यापुढे धरून उभा राहिलो. त्यांनी ती नीट वाचली, मागच्या बाजूला पेन्सिलने 'पाहिले' असं लिहून तारीख घातली आणि परत दिली. मला रडू आलं होतं. आई म्हणाली, "वेड्या, ही शाबासकी आहे."

आणि मग ते फ्लायव्हीलचं प्रकरण झालं. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली.

नव्या पंपाचं मोठं चाक होतं. ड्रॉइंग खऱ्या मापात काढलेलं, कारण त्या कागदावरूनच पत्र्याचा साचा कापायचा होता आणि साच्यावरून चाकाला भोकं पाडायची होती. सकाळी अप्पांनी चाकाची मोठी वर्तुळं काढली. दुपारी दादाने त्याच शीटवर आतलं लहान वर्तुळ काढलं, ज्याच्यावर बोल्टांची भोकं येणार होती. तीन आठवड्यांनी अकरा चाकं तयार होऊन पंपांवर चढली आणि पंप थरथरायला लागले. आतलं वर्तुळ बाहेरच्या मानाने एका बाजूला सरकलेलं होतं. किती? मिलिमीटरभर. अकराच्या अकरा चाकं भंगारात.

मॅनेजर शीट घेऊन वर आले. दिसत होतं ते असं की कागदावर मध्य दोन होते. एका ठिपक्यावरून मोठी वर्तुळं निघाली होती, दुसऱ्यावरून बोल्टांचं. दुसरं सेंटर कुणी टोचलं, एवढाच प्रश्न होता.

चौदा टेबलांवरची खरवड थांबली. हे मला दादानेच पुढे सांगितलं. तो म्हणाला, "अप्पा, मी सेंटर टोचलं नाही. जे भोक दिसलं त्यातच टोक ठेवलं."

अप्पा म्हणाले, "मी एकदाच टोचतो." आणि मग सगळ्यांच्या देखत, "वर्तुळ तुझं, तर सेंटरही तुझंच."

दादाने वाद घातला नाही. त्याने आपली कंपासपेटी बंद केली, टेबलावर ठेवली आणि जिना उतरला. त्या दिवसापासून त्याने शाईची रेघ मारली नाही. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि दुकानामागच्याच खोलीत राहायला लागला.

सव्वीस वर्षं बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. दादा आईला भेटायला यायचा तो अप्पा कामावर असताना. लग्न झाल्यावर वहिनीला घेऊन आला तोही दुपारचाच. अप्पांची सायकल पंक्चर झाली तर ते ती ढकलत पार बाजाराच्या टोकाला न्यायचे. आणि एक गंमत म्हणजे, दादाचं दुकान आलं की सायकलवरून खाली उतरायचे आणि दुकानासमोरून चालत जायचे, मान सरळ. मला वाटायचं, काय हा तोरा! मनातल्या मनात मी त्यांना ऑफिसातलं टोपणनाव घेऊन शिवी द्यायचो. सगळे त्यांना पाठीमागे पराणीसाहेब म्हणायचे.

दादाने कारखाना सोडला त्याच्या पुढच्या वर्षी अप्पांनी मला कारखान्यात चिकटवलं. मला हिशेबखात्यात जायचं होतं. त्यांनी हट्टाने रेकॉर्डरूममध्ये लावलं. जुनी शीटं ठेवायची, मागितली की काढून द्यायची, नोंदवहीत लिहायचं. माझा स्वभाव आधीच चिडका, त्यात खिडकी नसलेली खोली आणि बत्तीस कपाटं. पहिल्या महिन्यात मी आईला म्हणालो, "मला जिवंत पुरलंय तुझ्या नवऱ्याने."

पण एक नवल घडलं. अप्पा माझ्याशी बोलायला लागले. रोज संध्याकाळी, हातपाय धुऊन बसले की विचारायचे, "आज कुठलं कपाट काढलंस?"

मी सांगायचो, अमुक पंप, तमुक झडप.

"रद्द शीटांचं नाही काढलंस?"

"ते कोण मागतंय, अप्पा!"

"हं," म्हणायचे आणि चहाच्या कपात बघत बसायचे. ते निवृत्त झाले तरी हा प्रश्न चालूच. आईसुद्धा वैतागायची, "अहो, त्याला घरी तरी कपाटातून बाहेर येऊ द्या."

आता खरं ते सांगतो. ते रद्द शीटांचं कपाट माझ्या खुर्चीपासून चाळीस पावलांवर होतं. फ्लायव्हीलचं शीट त्यातच असणार, खालून दुसऱ्या खणात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते उजेडात धरायला एक मिनिट लागलं असतं. दुसऱ्या ठिपक्याभोवती चकतीची तीन टिंबं असतील तर ते सेंटर अप्पांचं, नसतील तर दादाचं. मी अडतीस वर्षं तो खण उघडला नाही. उघडला असता तर दोघांपैकी एक जण माझ्यापुरता कायमचा खोटा ठरला असता, आणि मला दोघंही हवे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावत राहिलो. दुसऱ्या कुणी ते शीट मागवण्याचा प्रश्नच नव्हता. तो पंप पुढे बंदच झाला.

अप्पा गेले त्याला अठरा वर्षं झाली. त्या सकाळी मी दादाच्या दुकानात फोन केला. माझा आवाज अगदी अप्पांसारखा आहे, सगळेच म्हणतात. आई असेपर्यंत मी दुसऱ्या खोलीतून हाक मारली की ती दचकायची. पलीकडे दादाने फोन उचलला, मी फक्त "हॅलो" म्हटलं. तो अगदी हळू म्हणाला, "बोला, अप्पा."

मी म्हटलं, "दादा, मी धाकटा बोलतोय. अप्पा गेले."

तो आला आणि त्याने सगळं केलं. अप्पांच्या कपड्यांतून आगपेटी निघाली ती मी त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली. "हात बसला नाही अजून माझा," म्हणाला.

गेल्या महिन्यात कारखान्याची जागा विकली गेली. मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण नव्या मालकांचा फोन आला. सगळ्या शीटांचे फोटो काढून कागद लगद्याला द्यायचे आहेत, आणि कपाटांचा क्रम तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. मी तोऱ्यात गेलो. एका मुलीकडे कॅमेरा होता, मी शीट उलगडून द्यायचं आणि ती फोटो काढायची. आठ दिवसांत तीस कपाटं झाली. नवव्या दिवशी ती म्हणाली, "काका, आता रद्दवालं."

आता पळायला जागा नव्हती. खालून दुसरा खण. शीट पिवळं पडलेलं, कडा ठिसूळ, वर लाल 'रद्द'चा शिक्का. मी ते घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. ड्रॉइंग ऑफिस रिकामं होतं, चौदा टेबलांच्या पायांच्या खुणा फरशीवर तेवढ्या. वास गेलेला. उत्तरेच्या खिडकीशी उभा राहून मी कागद काचेला लावला.

पहिलं सेंटर. ठिपका आणि भोवती तीन टिंबं.

मिलिमीटरभर शेजारी दुसरं सेंटर. ठिपका. आणि भोवती तीन टिंबं.

चकती एकच होती आणि ती एकाच माणसाच्या खिशात होती. म्हणजे दादा खरं बोलत होता. त्या दिवशी अप्पांनी मध्येच कधीतरी चकती उचलून परत बसवली असणार, ती केसभर सरकली असणार, आणि ते साफ विसरले असणार. मला इतका राग आला की शीट फाडावंसं वाटलं. सव्वीस वर्षं तोऱ्यात दुकानासमोरून गेलात! एकदा, फक्त एकदा उजेडात धरून बघायचं होतंत!

मग माझी नजर कोपऱ्यातल्या बदलांच्या चौकटीवर गेली.

अप्पांचं अक्षर. उभं, ठाशीव, पट्टी लावल्यासारखं. खाली सही. तारीख दादा कारखाना सोडून गेल्यानंतर चाळीस दिवसांची. म्हणजे त्यांनी बघितलं होतं. चौकटीत मावत नव्हतं म्हणून शेवटची ओळ खाली, बारीक अक्षरात लिहिली होती. 'संबंधितास कळवावे.'

हे तीन-साडेतीनशे शीटांवर असतं. बदल झाला की ज्याचा संबंध आहे त्याला कळवायचं. आणि कळवायचं कुणी, तर रेकॉर्डरूमच्या माणसाने. तेच त्याचं काम.

मी तिथेच फरशीवर बसलो. तोंडाने बोलायचं त्यांना येत नव्हतं, ते त्यांनी शीटवर लिहिलं. लिहिलं म्हणजे झालं, अशी त्यांची खात्री. आणि ते पोचवायला त्यांनी आपला दुसरा मुलगा त्या खोलीत आणून बसवला. मग रोज संध्याकाळी विचारत राहिले, आज कुठलं कपाट काढलंस? पंचवीस वर्षं विचारलं. दुकानासमोर सायकलवरून उतरायचे ते तोऱ्याने नव्हे, दादाला कळलं असेल, आज तो हाक मारेल, म्हणून. आणि मी शहाणा, मूठ झाकून बसलो होतो. अप्पा चुकले ते एका मिलिमीटरने. मी किती चुकलो ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही.

कॅमेरावाल्या मुलीला म्हटलं, "हे शीट मी नेतोय. एक कळवायचं राहिलंय."

"कुणाला, काका?"

"भावाला."

दादा आता सत्तर वर्षांचा आहे. दुकान त्याचा मुलगा चालवतो, पण चाकाचा बाक काढायचं काम अजून दादाकडेच. डोळे जवळजवळ गेलेत त्याचे, डॉक्टरांनी हात टेकले. तो चाक आसावर फिरवतो, कडेला अंगठ्याचं नख धरतो आणि नखाला जिथे लागेल तिथे आरा आवळतो. मी गेलो तेव्हा तो तेच करत होता. वहिनी आतून म्हणाल्या, "या भाऊजी, आज लांब सुरळी कसली आणलीत?"

"दादाचं टपाल आहे, वहिनी."

मी स्टूल ओढून दादापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. तीन टिंबं, दुसरं सेंटर, चाळीस दिवस. माझं कपाट न उघडणंही सांगितलं, काही न गाळता. चाक फिरत फिरत थांबलं. दादाने हात पुसले, कागदाचा कोपरा चाचपडला आणि ज्या बोटांनी आरे आवळतो त्या बोटांनी मधोमध हळूहळू शोधत गेला. सापडलं. तीन आणि तीन. कागदाच्या पाठीमागून त्या बोटांना ती लागत होती.

"मीच वेडा," मी म्हटलं. "अडतीस वर्षं, दादा."

"गप रे." दादा म्हणाला, "चौकटीत काय लिहिलंय?"

मी शीट त्याच्या डोळ्यांजवळ नेलं. त्याने ते बाजूला सारलं.

"कागदावर नको मला. वाच. मोठ्याने वाच, त्यांच्यासारखा."

एकदा खाकरलो. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मी वाचलं, आणि माझ्याच तोंडून अप्पांचा आवाज निघाला, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"दुसरं सेंटर मी टोचलं होतं. कनिष्ठ ड्राफ्ट्समनची चूक नाही. त्याचं वर्तुळ बिनचूक आहे."

दादाने डोळे मिटले होते. चाकावरचा हात चाकावरच होता.

"हं," तो म्हणाला. "परत म्हणा, अप्पा."